टिश्यू कल्चरची वृक्षरोपे: मूळ पक्के कसे करावे आणि मर कशी थांबवावी

टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतल्या पोषक माध्यमावर कोंब वाढवून, केलेली रोपे शेडमध्ये मरू लागली की पहिला संशय फॉगरवर (पाण्याचे धुके सोडणाऱ्या यंत्रावर) जातो, दुसरा बुरशीवर. पण त्यातल्या बऱ्याच रोपांचा निकाल महिनाभर आधी, बाटलीत मूळ फुटले तेव्हाच लागलेला असतो. प्रयोगशाळेच्या वहीत ‘मुळे धरली: ८० टक्के’ एवढीच नोंद असते. ती मुळे खोडाच्या आतून निघाली की बुंध्याशी जमलेल्या कॅलसमधून (पेशींच्या भुसभुशीत गाठीतून), याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. वृक्षवर्गीय पिकांत सगळा फरक इथेच पडतो.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. १०० कोंबांपैकी ८० ना मुळे आली, त्यातली ७० टक्के रोपे प्राथमिक हार्डनिंगमध्ये (बाटलीबाहेरच्या हवेची सवय लावताना) जगली आणि पुढे ९० टक्के टिकली, तर हाती ५० रोपे येतात. आता ऑक्झिन (मुळे फुटवणारे संजीवक, म्हणजे वाढीचे हार्मोन) कमी करून मुळे धरण्याचे प्रमाण ७० वर आले, पण मुळे खोडातून निघाली आणि दोन्ही टप्प्यांत ९० टक्के रोपे जगली, तर हाती जवळपास ५७ येतात. म्हणून प्रयोगशाळा आणि शेड यांचे आकडे वेगवेगळ्या वह्यांत ठेवू नका. बॅच क्रमांक एकच ठेवा आणि ‘एका कोंबामागे विक्रीयोग्य रोपे’ हाच आकडा धरा.

आधी बुंधा चिरून पाहा

प्रत्येक बॅचमधली १० रोपे यासाठी खर्ची घाला. आगर (बाटलीतले माध्यम घट्ट करणारी जेली) धुऊन काढा, नव्या ब्लेडने बुंधा उभा चिरा आणि १० पट भिंगाखाली धरा. चांगले मूळ खोडाच्या गाभ्याजवळून निघते, साल फाडून बाहेर येते आणि त्याची फिकट मधली रेघ थेट खोडातल्या रेघेला मिळालेली दिसते. वाईट मूळ भुसभुशीत, पिवळट-तपकिरी गाठीतून निघते. चिमट्याने हलकेच ओढले की त्या गाठीचा चुरा घेऊनच ते सुटून येते. अशा मुळाच्या जलवाहिन्या खोडाला जोडलेल्याच नसतात. बाटलीत हवा दमट असल्याने रोप हिरवेगार दिसते, पण ट्रेमध्ये आले की मुळे असूनही तहानेने मरते.

खात्री करायची तर मुळांची टोके पाण्याखाली कापा आणि रोप लाल खाद्यरंगाच्या पाण्यात उजेडात, पाने उघडी ठेवून, दोन-तीन तास उभे करा. नंतर बुंध्याच्या वर आडवा काप घ्या. काप लाल ठिपक्यांचा दिसला तर जोड पक्का आहे. रंग गाठीपाशीच थांबला असेल तर ती बॅच शेडला पाठवण्याआधी माध्यमाकडे परत वळा.

कोंबाची निवड

जुन्या झाडाच्या शेंड्यातून घेतलेले डोळे मुळे धरायला कुरकुरतात. हे वयाचे लक्षण आहे, संजीवक वाढवून ते जात नाही. सागासारख्या झाडाची निवड करायची तर खोड तोडल्यावर बुडख्यातून येणारे धुमारे किंवा बुंध्याजवळचे फुटवे घ्या. झाडाचा तो भाग वयाने तरुण राहतो. आडव्या फांदीचा डोळा घेतला तर रोप पुढे फांदीसारखेच आडवे वाढण्याची भीती असते. वारंवार उपसंवर्धन केल्यावर, म्हणजे ताज्या माध्यमात हलवल्यावर, कोंब हळूहळू तारुण्याकडे झुकतात आणि मुळे धरणे सुधारते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मुळे आली नाहीत म्हणून क्लोन (एकाच झाडापासून वाढवलेली कोंबांची ओळ) टाकून देऊ नका.

दुसरी अडचण सायटोकायनिनची, म्हणजे कोंब फुटवणाऱ्या संजीवकाची. गुणाकाराच्या (कोंबांची संख्या वाढवण्याच्या) माध्यमातले बीएपी हे सायटोकायनिन कोंबाच्या बुडाशी साठून राहते आणि मुळांना अडवते. मुळांच्या माध्यमात जाण्याआधी कोंब दोन ते तीन आठवडे संजीवकरहित माध्यमात ठेवा. या काळात तो लांब होतो आणि आतले बीएपीही कमी होते. मग २ ते ३ सेंटिमीटर लांब, दोन-तीन पेरांचा, शेंडा सजीव असलेला कोंब घ्या. बुडाचा जुना, काळपट भाग टाकून पेराच्या लगेच खाली ताजा काप द्या. ब्लेड बोथट असेल तर पेशी चिरडतात, आणि कॅलसची सुरुवात तिथूनच होते.

काचेसारखे पारदर्शक, फुगीर पानांचे कोंब मुळांसाठी घेऊच नका. त्यांना मुळे आली तरी शेडमध्ये ते तासाभरात मान टाकतात. ही काचाळ वाढ दिसू लागली की बीएपी कमी करा, आगर लिटरमागे १ ग्रॅमने वाढवा आणि हवा खेळती राहील असे फिल्टरचे झाकण वापरा.

मुळांचे माध्यम

बहुतेक झाडांसाठी अर्ध्या ताकदीचे एमएस (मुराशिगे-स्कूग हे प्रचलित क्षार-माध्यम) चालते. ताकद निम्मी करण्याचे मुख्य कारण नायट्रोजन: पूर्ण एमएसमधला नायट्रेट आणि अमोनियमचा भार कोंब वाढवतो आणि मुळांना मागे ठेवतो. काही काष्ठवर्गीय जाती डब्ल्यूपीएम (वुडी प्लांट मीडियम) माध्यमात जास्त खुलतात. एक लिटरसाठी साखर १५ ते २० ग्रॅम, आगर ६ ते ७ ग्रॅम आणि सामू ५.७ ठेवा. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे पुरतो. सामू ५.२ च्या खाली गेला की आगर नीट घट्ट होत नाही.

आयबीए, आयएए आणि एनएए हे ऑक्झिनचे तीन प्रकार. त्यातले आयबीए हाताशी ठेवा. आयएए उजेडात लवकर नाश पावते. एनएए जोरदार असते, पण आखूड, जाड मुळे आणि कॅलस देण्याकडे त्याचा कल असतो. आयबीएचे साठवणीचे द्रावण असे करा: १०० मिलिग्रॅम आयबीए २-३ मिलिलिटर एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पूर्ण विरघळवा, मग ऊर्ध्वपातित पाणी घालून १०० मिलिलिटर करा आणि गडद बाटलीत ४ अंशाला ठेवा. याचे १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम. नवीन जातीवर ०, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा चार मात्रा, प्रत्येकी किमान ३० कोंबांवर तपासा. सर्वाधिक टक्केवारी देणारी मात्रा डोळे झाकून उचलू नका. बुंध्याशी सर्वांत कमी कॅलस आणि खोडातून निघालेली तीन-चार मुळे देणारी मात्रा हवी.

ऑक्झिनची गरज थोडेच दिवस असते. पहिल्या साधारण चार-पाच दिवसांत पेशी ‘मूळ व्हायचे’ ठरवतात. त्यानंतर तेच ऑक्झिन मुळाची लांबी रोखते आणि कॅलस फुगवते. कोंब महिनाभर आयबीएमध्ये बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत म्हणूनच नुकसान करते. दोन टप्प्यांत काम करा: आधी ४ ते ७ दिवस आयबीएच्या माध्यमात, आणि तेही अंधारात. मग संजीवकरहित अर्ध्या एमएसवर उजेडात हलवा. हलवण्याचे काम दुप्पट होते, पण चिवट जातींत ते वसूल होते. पहिला टप्पा आणखी आखूड करायचा असेल तर २० मिलिग्रॅम प्रति लिटर आयबीएमध्ये २४ ते ४८ तास ठेवून थेट संजीवकरहित माध्यमात लावता येते.

सक्रिय कोळशाबद्दल नेहमी गोंधळ होतो. लिटरला १ ते २ ग्रॅम कोळसा बुंधा काळा करणारी फिनॉल आणि उरलेले सायटोकायनिन शोषतो, बुडाशी अंधारही करतो. पण तो ऑक्झिनही तितक्याच भुकेने शोषतो. म्हणून आयबीएच्या माध्यमात कोळसा घालू नका, दुसऱ्या टप्प्यात घाला.

मुळे फुटत असतानाच कोंबाचा शेंडा काळा पडतो, ही वृक्षांतली ओळखीची तक्रार आहे. यामागे बहुधा कॅल्शियम असते. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. बंद बाटलीत बाष्पोत्सर्जन जवळपास थांबलेले असल्याने माध्यमात भरपूर असूनही शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. फिल्टरची झाकणे लावणे हा पहिला उपाय. त्यातच साठलेले इथिलीनही बाहेर जाते.

आगरला वगळून थेट ट्रेमध्ये मुळे

आगरमध्ये हवा कमी असते. तिथली मुळे ठिसूळ, मूलरोम (पाणी शोषणारे बारीक केस) नसलेली असतात आणि लावणीत तुटतात. साग, निलगिरी यांसारख्या, मुळे सहज धरणाऱ्या क्लोनना बाटलीतली मुळांची पायरी वगळून थेट ट्रेमध्ये लावता येते. ३ सेंटिमीटरचे निरोगी कोंब घ्या, बुड ५ ते १० सेकंद १००० ते २००० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आयबीएमध्ये बुडवा आणि लगेच ओल्या मिश्रणात १ सेंटिमीटर खोल लावा. अल्कोहोलमध्ये केलेले द्रावण कोवळे बुड भाजते, म्हणून पाण्यात विरघळणारे आयबीएचे पोटॅशियम मीठ घ्या. त्याचे वजन मात्र सुमारे १.२ पट धरावे लागते. म्हणजे १००० पीपीएमसाठी १०० मिलिलिटर पाण्यात १२० मिलिग्रॅम.

ट्रेमध्ये फुटलेले मूळ पहिल्या दिवसापासून हवेशी आणि ओलाव्याशी जुळवून घेते, त्याला मूलरोम येतात, आणि एक प्रयोगशाळीय फेरी वाचते. अट एकच: पहिले १५ दिवस आर्द्रता ९० टक्क्यांखाली जाता कामा नये, कारण कोंबाला तोवर पाणी ओढायला काहीच नसते. फॉगरचा भरवसा नसेल तर हा मार्ग धरू नका.

बाटलीतले पान किती दुबळे असते

एक सोपी तपासणी करा. बाटलीतल्या रोपाचे एक पान आणि दोन महिने हार्डनिंग झालेल्या रोपाचे एक पान तोडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. बाटलीतले पान बघता बघता कडा वळवून मऊ होते, दुसरे बराच वेळ ताठ राहते. बाटलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नावापुरता असतो आणि पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. शिवाय अन्न आयते साखरेतून मिळाल्याने प्रकाशसंश्लेषणही अर्धवटच. अशी पाने हार्डनिंगमध्ये सुधारत नाहीत, ती गळतात. रोप तगते ते नव्या पानांवर आणि नव्या मुळांवर. जुनी पाने तोवर जिवंत ठेवायची, एवढेच पहिल्या तीन आठवड्यांचे काम.

मिश्रण आणि रूटट्रेनर

धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (दोन्ही हलके खनिज दाणे) समप्रमाणात, किंवा कोकोपीट तीन भाग आणि परलाइट एक भाग. सामू ५.५ ते ६.५. कोकोपीट घेताना एक भाग कोकोपीट आणि दीड भाग ऊर्ध्वपातित पाणी कालवून, गाळून ईसी (क्षारांचे प्रमाण सांगणारी विद्युतवाहकता) मोजा. ती ०.५ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुन्हा धुवा. खारट कोकोपीटमध्ये पानांच्या कडा करपतात, आणि ते खताच्या कमतरतेसारखे दिसल्याने लोक आणखी खत घालतात.

मिश्रणात हवा किती उरते, हे मोजता येते. १५० मिलिलिटरच्या रूटट्रेनरचे (रोपासाठीच्या उभ्या, खोल खणाचे) खालचे भोक चिकटपट्टीने बंद करा, मिश्रण भरा, वरपर्यंत पाणी भिनू द्या. मग भोक उघडून निथळलेले पाणी भांड्यात धरा. २५ ते ३५ मिलिलिटर पाणी निघाले तर ठीक. त्याहून कमी निघाले तर मुळे गुदमरतील, परलाइट वाढवा. हीच तपासणी उथळ प्रोट्रेमध्ये (खणांच्या रोपट्रेमध्ये) वेगळे उत्तर देते, कारण खण उथळ असला की तेच मिश्रण जास्त ओले राहते. त्यामुळे ज्या भांड्यात लावणार त्यातच मोजा.

झाडांसाठी आत उभ्या कडा असलेले, बूड उघडे असलेले रूटट्रेनर जाळीच्या स्टँडवर टांगून ठेवा. खाली आलेले टोक हवेत सुकते आणि मुळाला बाजूच्या शाखा फुटतात. गोल, सपाट बुडाच्या पिशवीत मूळ घड्याळाच्या स्प्रिंगसारखे फिरते, आणि ती गुंडाळी पुढे झाडाच्या मोठेपणीही सुटत नाही.

लावणीचा दिवस

मुळे १ ते २ सेंटिमीटर झाली की लावा. ती लांब होऊन गुंतू देऊ नका. लावणीआधी ५-७ दिवस बाटल्या झाकण न उघडता शेडमधल्या सौम्य उजेडात आणून ठेवा. रोपाला नव्या तापमानाची सवय होते. साखरेचे माध्यम असताना झाकणे उघडी ठेवली तर दोन-तीन दिवसांत वर बुरशी येते, म्हणून ती बंदच बरी.

लावणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. बाटलीत कोमट पाणी ओतून आगर सैल होऊ द्या, रोप बुंध्याला धरून उचला, मुळांना धरून ओढू नका. सगळे आगर पाण्याखाली बोटांनी धुऊन काढा, कारण चिकटलेल्या साखरेवरच बुंध्याची कुज सुरू होते. मग ५ ते १० मिनिटे कार्बेन्डॅझिम या बुरशीनाशकाच्या, लिटरला १ ग्रॅम अशा द्रावणात ठेवा. ते वापरायला परवानगी नसेल तिथे कॅप्टन घ्या. धुतलेली रोपे ओल्या कागदाखाली ठेवा. उघड्यावर दहा मिनिटेही जास्त होतात. बोटाएवढ्या काडीने भोक पाडा, मुळे सरळ खाली सोडा, बुंधा बाटलीत होता तेवढ्याच खोलीवर राहू द्या आणि कडेने हलके दाबा. मोठी आणि लहान रोपे वेगळ्या ट्रेंमध्ये लावा, म्हणजे आर्द्रता उतरवताना अडचण येत नाही.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात आर्द्रता ९० ते ९५ टक्के, तापमान २५ ते २८ अंश, ७५ टक्के सावली. फॉगर ५ ते १० सेकंद, कडक दुपारी दर १५-२० मिनिटांनी, सकाळ-संध्याकाळ त्याहून विरळ, रात्री बहुधा नाही. हवा दमट हवी, मिश्रण चिखल नको. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार लागली तर फॉगरचे थेंब मोठे आहेत किंवा वेळ जास्त आहे. प्लास्टिकचा बुटका बोगदा करत असाल तर आत रोपांच्या उंचीवर थर्मामीटर लावा. ३२ अंशांच्या वर गेले की आर्द्रता कितीही असली तरी रोपे शिजतात. अशा वेळी प्लास्टिक उघडण्याऐवजी वर दुसरे शेडनेट ओढा.

दुसऱ्या आठवड्यात ८५ टक्के, तिसऱ्यात ७५, चौथ्यात ६० ते ६५. बोगदा उघडताना आधी संध्याकाळी अर्धा तास, मग दोन तास, मग रात्रभर, आणि दुपार सर्वांत शेवटी. पंचांग पाहून आर्द्रता उतरवू नका, शेंडा पाहून उतरवा. नवे पान उलगडले नसेल तर आहे त्याच पायरीवर थांबा. उलट, नवी पाने येऊनही फॉगर जुन्याच वेगाने सुरू ठेवला तर ती पानेही बाटलीतल्यासारखी लुसलुशीत तयार होतात.

नवे मूळ दिसेपर्यंत खत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी पाव ताकदीचे एमएस क्षार किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. महिन्याभराने १ ग्रॅम.

मर कोणत्या दिवशी झाली, ते लिहा

मेलेले रोप फेकण्याआधी उपटून पाहा आणि तारीख लिहा. पहिल्या तीन दिवसांत पाने वाळून मेली, मुळे पांढरीच आहेत: आर्द्रता पडली किंवा लावणीत रोप उघडे राहिले. पाचव्या ते बाराव्या दिवसात बुंधा तपकिरी, पाणचट, रोप आडवे: पाणी जास्त आणि रोपमर (बुंधा कुजवणारा रोग). इथे एक चूक फार महागात पडते. कार्बेन्डॅझिम रोपमर आणणाऱ्या पिथियमवर काम करत नाही, त्याला मेटॅलॅक्झिल असलेले बुरशीनाशक लागते. ते लेबलवरच्या मात्रेने, आधी एका ट्रेवर तपासून वापरा. रोपमर रायझोक्टोनिया या बुरशीची असेल तर कार्बेन्डॅझिम चालते. पण दोन्ही बाबतींत पाणी कमी केल्याशिवाय औषध टिकत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आर्द्रता उतरवताना, वाढ न झालेले हिरवे रोप एकाएकी कोमेजले तर बुंधा चिरा. बहुतेक वेळा कॅलसची गाठ सापडेल आणि दुरुस्ती बाटलीत करावी लागेल. मिश्रणावर काळ्या बारीक माशा उडताना दिसल्या तर त्यांच्या अळ्या कोवळी मुळे खातात. पिवळे चिकट सापळे लावा आणि वरचा थर दोन पाण्यांमध्ये सुकू द्या.

दुय्यम हार्डनिंग

पाच-सहा आठवड्यांनी रोपे ५० टक्के सावलीत आणा. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) किंवा मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयुक्त बुरशी) द्यायची वेळ हीच, कारण आता बुरशीनाशकाची गरज कमी झालेली असते. कार्बेन्डॅझिम ट्रायकोडर्माला मारते, म्हणून दोन्ही लागोपाठ देऊ नका. मायकोरायझा मुळाला लागेल अशी खणाच्या मध्यभागी द्या, आणि त्या काळात स्फुरद कमी ठेवा. स्फुरद भरपूर असले की मूळ त्या बुरशीशी नाते जोडत नाही. सागाला मायकोरायझाचा आर्बस्क्युलर (मुळाच्या पेशींत शिरणारा) प्रकार लागतो, पाइनला एक्टो (मुळावर बाहेरून आवरण करणारा) प्रकार, निलगिरीला दोन्ही चालतात.

चंदनाची गोष्ट वेगळी. ते अर्धपरजीवी आहे, त्याची मुळे दुसऱ्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात. रूटट्रेनरमधून मोठ्या पिशवीत हलवताना त्याच पिशवीत तुरीचे एखादे बी टाका. तुरीने चंदनाला झाकू लागताच तिचा शेंडा छाटा, रोप उपटू नका.

लागवडीला पाठवण्याआधी शेवटचे १५ दिवस पूर्ण ऊन, पाणी दिवसाआड, नत्र बंद. रूटट्रेनर उलटा करून काठावर हलका टोला द्या: माती न सुटता पूर्ण गड्डा बाहेर यायला हवा आणि त्याच्या बाजूंनी पांढऱ्या, उभ्या मुळांच्या रेघा दिसायला हव्यात. गड्डा फुटला तर त्या ट्रेला आणखी दोन आठवडे द्या.